अब्बांच्या नावाखाली

आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर एक फ्रेम आहे. तिच्यात शजरा आहे, म्हणजे आमची वंशावळ. सगळ्यात वर पैगंबरसाहेब, सगळ्यात खाली अब्बा. आम्ही सय्यद, त्यांच्या रक्ताचे. त्यामुळे पवनीत कोणाचं पोर किरकिरं झालं, कोणाची गाय दूध देईना, की माणसं पाण्याची बाटली घेऊन आमच्या दारात. त्यांत मुसलमान थोडे, बाकीचेच जास्त. "बाबा, जरा फुंकून द्या ना." अब्बा दुआ पुटपुटत, फुंकत, आणि पैसा घेत नसत. घड्याळं दुरुस्त करून त्यांनी घर चालवलं, बरकत विकली नाही. याचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी चिडणार आहे.

तो शजरा माझ्या हातचा आहे. घरात माझंच अक्षर बरं, म्हणून पंधराव्या वर्षी मी तो जुन्या कागदावरून उतरवला. जुन्या कागदाला वाळवी लागली होती, मधोमध तळहाताएवढं भोक. "इथली नावं काय होती, अब्बा?" अब्बांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि तीन नावं सांगितली. ती लिहिताना माझ्या लक्षात आलं, की ही तर त्यांच्याच तीन काकांची नावं आहेत, आणि आपण ती काही शतकं मागे नेऊन बसवतोय. मी काही बोलले नाही. भोक बुजलं ना, मग झालं, असं वाटलं.

सव्विसाव्या वर्षी मला स्थळ आलं, आणि ते मला हवं होतं. लपवायचं कशाला? मुलगा करडी गावचा. धान मळायच्या मशिनी दुरुस्त करायचा. माझी शिलाई मशीनही त्यानं दोनदा नीट करून दिली होती. दुसऱ्यांदा ती बिघडलीच नव्हती.

त्याची आई पेढे घेऊन आली. अब्बांनी तिला खुर्ची दिली, चहा पाजला आणि विचारलं, "शजरा आहे का तुमच्यापाशी?"

"आमच्या घरी कुठचा जी? आमचे सासरे तं गाद्यांचा कापूस पिंजत होते," ती बिचारी म्हणाली. पेढ्यांचा डबा न उघडता परत गेला.

घरात आम्ही हिंदीच बोलतो, पण भांडण निघालं किंवा मनातलं बाहेर आलं, की तोंडात इथलीच बोली येते. ती बाई गेली आणि मी सुरू झाले.

"काहून नाही म्हटलं?"

"सय्यदाची पोरगी बाहेर देत नाही. आपल्या घरात कोणी देली नाही."

"पैगंबरसाहेबांच्या आधीच्या ज्या पैगंबरानं महापुरात जहाज बांधलं, त्याचा सख्खा पोरगा बुडाला. बापाचं रक्त आलं का कामी? आन् आपला वंश तरी कोणापासून चालला? पैगंबरसाहेबांचा एकही पोरगा जगला नाही. लेकीपासून चालला, अब्बा. मंग माझ्यापाशीच काहून अडून राहिला?"

माझ्याजवळ अजून एक वाक्य होतं, त्या तीन नावांचं. ते टाकलं असतं तर खेळ तिथंच खलास. तेवढ्यात अब्बा फ्रेमकडे बघून हळूच म्हणाले, "बेटा, माझ्यापाशी याच्याशिवाय दुसरं काय आहे?" ते वाक्य मी गिळलं.

करडीच्या त्या मुलानं तुमसरची मुलगी केली. मला सय्यद स्थळं आली, दोनच. एकाला बायको होती, दुसरा अब्बांच्या वयाचा. आज मी एक्केचाळीस वर्षांची आहे. अब्बांना दम लागतो, म्हणून बाटल्यांवर आता मीच फुंकते. दोन महिन्यांपूर्वी शेजारीण लेकीला घेऊन आली. "ताई, हिचं जमून नाही राहिलं. तुमच्या घरची फुंक लागते म्हणतात." मी फुंकलं. महिन्याभरात जमलं त्या पोरीचं! वा रे बरकत, जगाला पुरते आणि घरच्यांना वळसा घालून जाते.

मागच्या आठवड्यात अब्बांनी मला फ्रेम उतरवायला लावली. पेन हातात दिला.

"माझ्या खाली तुझं नाव लिही. लेकीपासून चालला म्हणत होती ना तू? बरोबर होतं तुझं."

पंधरा वर्षांनी! मी लिहिलं. खाली चार बोटं कोरी जागा उरली. तिथं लिहायला आता कोणी नाही.

"आन् ते मधले तीन नावं," अब्बा म्हणाले, "मले माहीत नव्हते. मी आपल्या काकांचे सांगून देले."

"मले ठाऊक आहे. लिहितानाच समजलं होतं."

डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाही? मी त्या पोराले हो म्हटलं असतं."

मी फ्रेमची काच पदरानं पुसली आणि फ्रेम परत खिळ्याला अडकवली.