कोठीत ज्वारी, घरात पीठ नाही

लॉकडाऊन उठल्यावर आईनं पहिली वस्तू घेतली ती पत्र्याची कोठी. माणूस आत उभा राहील एवढी. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "हिच्यात कुनाला कोंडायचंय?"

"बेगमी करायचीय," आई म्हणाली.

पुढची सगळी वर्षं ती कोठी भरत राहिली. जामखेडकडची शाळू ज्वारी यायची. स्लॅबवर जुन्या साड्या अंथरून आई तिला कडक ऊन दाखवायची. एखादा दाणा दाताखाली धरायची. कट् वाजला तर वाळला, चेपला तर पुन्हा उन्हात. मग कडुनिंबाचा वाळला पाला, वर ज्वारी, पुन्हा पाला. हुलगे राखेत चोळून मडक्यात ठेवलेले. मीठ, तूरडाळ, तेलाचे डबे. कोठीला खाली तोंड होतं. नवं वरून ओतायचं, जुनं खालून काढायचं.

मला राग यायचा. अण्णा गवंडीकाम करतात, पण चळवळीच्या सभेतलं एकही पत्रक त्यांनी कधी फेकलं नाही, आणि मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. त्यांत साठेबाज म्हणजे गरिबाचा शत्रू.

"तू साठेबाज झालीस," मी एकदा तोंडावर म्हणाले.

"साठेबाज इकतो गं. मी इकते का?" ती म्हणाली आणि पाला चुरत राहिली.

मला वाटलं, कोरोनाची भीती मनात बसलीय. आई कशाला भीत होती ते मला या एप्रिलमध्ये कळलं.

जयंतीची मिरवणूक यंदा वेशीतून न्यायची असं वस्तीनं ठरवलं. तो गावाचा मुख्य रस्ता, आणि आम्हीही गावातलेच. वेशीत गावानं अडवलं, ढकलाढकली झाली, आमच्या दोन पोरांची डोकी फुटली. अण्णांनी तालुक्याला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. खाली पहिली सही त्यांची.

दुसऱ्या दिवशी मी दळणाचा डबा घेऊन गिरणीवर गेले. गिरणीवाले काका लहानपणापासून ओळखीचे. माझ्या डब्याकडे न बघता म्हणाले, "पट्टा तुटलाय."

त्यांच्या पाठीमागे गिरणी घरघरत होती. खालच्या पेटीत पीठ पडत होतं. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. पट्टा माझ्या डोळ्यांसमोर फिरत होता.

"काका, चालू तर आहे."

"तुटलाय म्हनलं ना."

मी डबा उचलून निघाले. किराणा दुकानात साखर नव्हती, चहापूड नव्हती, मागच्या फळीवर दोन्ही रचलेल्या होत्या. शेजारच्या गावातल्या गिरणीवर अण्णा मोटारसायकलवरून गेले, तर तिथं लाईट नव्हती. पंखा मात्र फिरत होता. फोन त्यांच्या आधी पोचला होता.

बहिष्कार हा शब्द कुणीच उच्चारला नाही. मी तो किती पत्रकांत वाचला होता, ठळक अक्षरांत, आणि दर वेळी भूतकाळात. आता तो समोर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर पीठ होतं, आणि लहानपणी त्यानं मला गूळ दिलेला होता. मला धड ओरडताही आलं नाही.

आई मात्र शांत होती. कोठीच्या तोंडाशी बसून ती म्हणाली, "मी आठेक वर्षाची आसंन. आमच्या वस्तीनं गावाचं मेलेलं ढोर वढायचं बंद केलं. मग मीठ न्हाई, त्याल न्हाई, काम न्हाई. तवाच ठरिवलं हुतं, आपल्या घरात कोठी पायजे."

म्हणजे ही सगळी बेगमी गावाच्या भीतीनं होती. ज्या गावात ती हळदीकुंकवाच्या बायकांना हसून हाक मारत होती, त्याच गावाच्या. इतकी वर्षं एक शब्द न बोलता.

तिनं कोठीचं तोंड उघडलं. ज्वारी सळसळत परातीत आली. स्वच्छ, एक किडा नाही. आई त्या ढिगाकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"पीठ," ती म्हणाली. "पिठाचं ध्येनातच आलं न्हाई."

तिच्या लहानपणी घरोघरी जातं होतं. दुकान बंद झालं, शेतं बंद झाली, पण दळण कुणाच्या बापाला थांबवता आलं नव्हतं. त्या दिवसांत जे जे कमी पडलं ते सगळं तिनं साठवलं होतं. पीठ तेव्हा कमी पडलंच नव्हतं. आमच्या घरात जातं कधी आलंच नाही. वर्षभर पुरेल एवढी ज्वारी घरात, आणि भाकरीला मूठभर पीठ नाही.

घुगऱ्या शिजवल्या. अण्णांच्या दाढा गेलेल्या. ते दाणे गालात फिरवत बसले. आईनं मग मिक्सर काढला. थोडी थोडी ज्वारी भरडून कण्या केल्या. हाताला चटका बसेल इतकं मिक्सरचं भांडं तापायचं, थांबायचं, पुन्हा. अण्णा कण्या जेवत, पण दिवसागणिक त्यांचं बोलणं कमी झालं. एका सकाळी म्हणाले, "सही माझी हाय. भोगायचं तुमी." आई ज्वारी भरडत राहिली.

दुपारी, ऊन माथ्यावर असताना, गिरणीवाले काका ओढ्याच्या बाजूनं आले. मागच्या दारात उभे.

"वहिनी, डबा हितं ठिवत जा. मी नेतो, दळून आनून देतो. कुनाला बोलू नका."

"पट्टा जोडला का?" आईनं विचारलं.

काका कसंनुसं हसले. "अण्णा, तेवढी सही मागं घ्या. मग पुढच्या दारानं या की. मला तरी काय हौस हाय का? तुमाला दळून दिलं तर माझी गिरनी बंद पाडत्याल."

अण्णा खाली बघत होते. मला वाटलं, आता हो म्हणणार.

आईनं ताटलीत कण्या वाढल्या, वर तेल सोडलं आणि काकांपुढं ठेवल्या. "बसा. उन्हाचं आलात."

काका उंबऱ्यावर बसले. खाल्ल्या. "कशात भरडल्या?"

"मिक्सरात."

"जळंल की भांडं."

"जळू द्या. डबा मागच्या दारानं यायचा न्हाई."

ते हात धुऊन गेले, ओढ्यानंच.

आई अण्णांकडे वळली. "उद्या तालुक्याला जावा. ज्वारीचा डबा संगं घ्या, तिथं दळून आना. आन् जबाबात गिरनीचं घाला."

"त्याचं नाव?"

"त्याचंच."

"आगं, आत्ता जेवून गेलाय तो आपल्याकडं!"

"जेवला न्हवं? मग पोट भरलंय त्याचं," आई म्हणाली. "घाला."

अण्णांनी उठून डबा उतरवला आणि कोठीच्या तोंडाला लावला.