घाटावरचा खड्डा

गोदावरीच्या आमच्या घाटावर आधी मासे उतरायचे, पलीकडची टरबुजं नावेतनं यायची. पूल झाला आणि घाटावर उरली ती वाळू. ती उपसायला मीच पंप लावला. म्हातारा नावाडी उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातनं चालत पलीकडं लेकीकडं जायचा.

मी म्हणालो, "पुलावरनं जाय की म्हाताऱ्या."

"माज्या पायाला सगळी नदी म्हाईत हाय," तो म्हणाला.

पंपानं पडलेल्या खड्ड्याबद्दल मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो त्याच खड्ड्यात, गाळात रुतलेला सापडला. काठावर लोक विचारत होते, नावाडी बुडतोच कसा.

"पिलेला आसंल," पहिल्यांदा मीच म्हणालो.

लोकांनी माना हलवल्या. सगळ्यांची घरं त्याच वाळूची होती. म्हातारा उभ्या जन्मात दारूला शिवला नव्हता.