जावेची बाळगोळी

आमच्या असोद्याच्या घरात आम्ही दोन सुना, आणि दोघींच्या मांडीवर एकाच पावसाळ्यात जन्मलेले दोन मुलगे. माझा रडका, धाकट्या जावेचा शांत. एवढ्यावरून माझ्या संसाराचं वाटोळं झालं असं मला वाटायचं, आणि ते मी लपवतही नसे.

कापूस वेचायला आम्ही दोघी जायचो. निंबाला दोन झोळ्या. जरा कुठं वेचायला लागावं तोच माझा टाहो फोडायचा, मी हातचं टाकून धावायची. तिच्या झोळीतून मात्र ऊन डोक्यावर आलं तरी हूं की चूं नाही. संध्याकाळी तिचं गाठोडं फुगलेलं, माझं चेमटलेलं. सासूबाई म्हणायच्या, "लेकरू असावं तं असं. मायले काम करू देतं." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिची वेणीसुद्धा मला माझ्याहून लांब दिसायची.

यात गुपित काही नव्हतं. गावातल्या कितीतरी बायका तेच करत. जळगावच्या परवान्याच्या दुकानातून अफू आणायची आणि मोहरीएवढी गोळी अंगावरच्या दुधात उगाळून पोराला चाटवायची. हीच बाळगोळी. मीही चाटवून पाहिली. माझ्या चिरंजीवांनी ती ओकून टाकली आणि वर दुप्पट रडले. इथंही नशीब तिचंच थोर.

मोहरीएवढ्या गोळीनं पुढं तिच्या पोराला झोप येईना. गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी झाली. पोर वाळत चाललं, दूध पितापिता पेंगू लागलं. तरी सासूबाईंना तेच शहाणं वाटे, आणि माझा जळफळाट चालूच.

मग दुकानदार लग्नाला गावी गेला आणि दुकानाला कुलूप लागलं. घरातली अफू संपली. पोर शिंकू लागलं, थरथरू लागलं, किंचाळून निळं पडू लागलं. जाऊ पदराखाली घेई, तर ते मान फिरवी. त्या गोंगाटानं माझा जागा झाला, रडला, आणि मांडीवर घेताच उगा झाला. ती बघत राहिली.

"अक्का, तुमचं पोर तुमच्यानं उगं राहतं. माह्यं त्या गोळीनं राहे. त्याले मायची गरजच नही."

माझा हेवा करणारं कुणी मला पहिल्यांदाच भेटलं होतं. मला खूप बरं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

दीर तिला आणि पोराला घेऊन जळगावला डॉक्टरकडे निघाले, सोबत मीही गेले. डॉक्टर म्हणाले, "बाई, झोप आणि शांतपणा मेंदू आपला आपण तयार करतो. रोज बाहेरून आयता मिळाला की त्याची ती सवय मोडते. मग गोळी नसली की अंगात शांतपणा उरतच नाही. पण एकदम तोडू नका, पोर हातचं जाईल. मी अफूचेच थेंब देतो, ते कमी कमी करत न्यायचे."

थेंब बंद झाले तोवर थंडी सरली होती. एका सकाळी तिचं पोर रडलं. थरथर नाही, शिंक नाही, नुसतं भुकेनं. तिनं पदराखाली घेतलं आणि ते चुपचाप पिऊ लागलं. जाऊ हसत होती आणि डोळेही पुसत होती. सासूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या, दीर ओट्यावरून आत आले.

"काय गोड रडलं व माय!" सासूबाई म्हणाल्या.

माझा केव्हाचा मांडीवर बोंबलत होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.