सदरमधलं नामांकित नाक

"घाई नको करू गा. तिले जागी होऊ दे."

बाटलीचं बूच निघालं की आमचे शेजारी गिऱ्हाइकाला हेच सांगत, मग ते गिऱ्हाईक वकील असो की पलटणीतला मेजर. मेजरला त्यातलं काही कळत नसे, पण तो थांबे. पेल्यात थोडी तांबडी वाइन ओतून ते आपल्या पांढऱ्या उपरण्याचं टोक पेल्यामागे धरत, रंग पाहत, मग नाक आत घालत. एक घोट तोंडात फिरवून पिकदाणीत टाकत. गिळत कधीच नसत. "बरी हाये" किंवा "गेली", एवढाच निकाल.

सदरमध्ये त्यांचं विलायती मालाचं दुकान आणि त्याला लागून माझं घड्याळदुरुस्तीचं. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगावा! मुंबईहून रेल्वेनं येणाऱ्या पेट्यांतली वाइन वाटेतच आंबून जाई. म्हणून ते प्रत्येक पेटीतली एक बाटली फोडून पाहत आणि माल बिघडलेला निघाला तर पेटी परत धाडत. दुकान चालत होतं ते त्या नाकावर. गृहस्थाला त्याचा गर्वही बराच होता. माझ्याकडे चहाला आले की कप आधी नाकाशी नेत आणि म्हणत, "दूध कालचं हाये तुमचं." कालचंच असे. मला राग येई.

घरी मात्र या नाकाला फारसा मान नव्हता. दुकानामागेच त्यांचं घर. त्यांच्या पत्नीचा, म्हणजे बाईंचा, दंडक असा, की दारूला शिवलेल्या माणसानं मागच्या अंगणातल्या आमच्या सामाईक विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. न गिळण्याची शपथही त्यांनीच घातलेली. भर थंडीत हे कुडकुडत बादल्या ओतून घेत आणि मला ओरडून सांगत, "पाहून राहिले ना गा, साहेबलोकाईचा धंदा कसा असते!"

मग अठरा साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. त्या तापानं घरंच्या घरं रिकामी झाली. हे वाचले. बरे झाल्यावर माझ्याकडे चहाला आले, कप नाकाशी नेला आणि काहीच न बोलता पिऊन टाकला. मला वाटलं, अशक्तपणा असेल. दुकान पुन्हा उघडलं, निकाल पूर्वीसारखेच बिनचूक. फक्त आता ते "उजेडात पाहतो" म्हणून पेला घेऊन मागच्या खोलीत जात.

एका दुपारी मी विहिरीवर पाणी आणायला गेलो, तर त्या खोलीचं दार उघडं. बाई डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून उभ्या, आणि तो पेला त्यांच्या नाकाशी. हे समोर उभे, परीक्षेला बसल्यासारखे.

"काय वं?"

"लोणच्याची बरणी उघडी राह्यली का येते, तसा वास येऊन राहिला. गेली ही."

मला पाहून बाई दचकल्या नाहीत. "भाऊजी, तापापासून ह्यायले कशाचाच वास येत नाई," त्या म्हणाल्या. "लोकाईले समजलं तं दुकान बसते. बोलू नका."

मी बोललो नाही. त्या सुमारास विहिरीवर बाईही संध्याकाळची दुसरी अंघोळ करू लागल्या होत्या. तिचं कारण मला आता कळलं.

पुढे सिव्हिल लाइन्समधले एक बॅरिस्टर एक बाटली पारखायला घेऊन आले. फ्रान्सातल्या एका जुन्या जहागिरीच्या मळ्यातली, तिथली द्राक्षं शेकडो वर्षं नावाजलेली. अशा बाटल्यांची पेटी त्यांना विलायतेत कुणी भेट दिली होती. मेजवानीत ती उघडावी की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. मी तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होतो.

बाईंनी पेला नाकाशी नेला आणि त्या बोलेचनात. ह्यांचा चेहरा उतरला. "गेली का वं?"

"नाई. थांबा जरा." मग सावकाश म्हणाल्या, "पिकलेली जांभळं. त्याच्या मांगं लुगड्याची जुनी लाकडी पेटी. थोडासा तंबाखू. अन् सगळ्यात मांगून मोहाचं फूल, माह्या माहेरचं, पारशिवनीचं."

"बरी हाये म्हण, झालं. तिकडं साहेब उभे हायेत."

"तुम्हाले हा वास आता येणार नाई, म्हणून सांगून राहिली," बाई म्हणाल्या. आणि पेला त्यांच्या हातात दिला. "आज गिळा. माही शपथ सुटली."

त्यांनी घोट घेतला, गिळला. "तुरट लागते नुसती," ते म्हणाले. "बाकीचं तू सांग."

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घड्याळाची किल्ली केव्हाच देऊन झाली होती, पण मला वळवेना. नवरा-बायकोचं इतकं खासगी बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मेजवानीत बॅरिस्टरांनी ह्यांच्या नाकाची फार तारीफ केली म्हणे. हे आठवडाभर ताठ मानेनं फिरत होते.

काही वर्षांनी बाई हिवतापानं गेल्या. तेरावा झाल्यावर दुकान उघडलं, आणि बॅरिस्टर त्याच पेटीतली शेवटची बाटली घेऊन आले. दुकानात चार माणसं होती, मीही होतो. "अजून टिकली आहे का, पाहा," बॅरिस्टर म्हणाले. "हे सांगणारं नाक नागपुरात एकच."

ह्यांनी पेला भरला, नाकापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"साहेब, ते नाक माहं नव्हतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मानमोडीपासून मले फुलाचाही वास येत नाई. तुमची बाटली माह्या घरच्या बाईनं पारखली होती. सारा माल तिनंच पारखला."

बॅरिस्टरांनी हळूच विचारलं, "मग आता कोण सांगेल?"

"आता कोणी नाई."

दुकान लवकरच बंद झालं. ते मौद्याला पुतण्याकडे राहायला निघाले तेव्हा मी टांग्यापर्यंत गेलो. न राहवून म्हटलं, "कशाला बोललात? कुणाला कळलं असतं?"

ते टांग्यात बसले.

"ती होती तोवर सारी तारीफ मीच घेतली गा," ते म्हणाले. "अन् तिचं नाव घेतलं केव्हा, तं ऐकाले ती नाई तेव्हा."