पुलावरचं लग्न

"काऊन नाई होत? होते न, बाप्पा!" असं म्हणत ते ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले, की समजावं, गाडीचं पुन्हा काहीतरी मोडलंय.

ते माझे शेजारी. आमचं सारं बेला गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही. गेल्या वर्षी ते गेले. त्यांचा ट्रक इतका म्हातारा, की चढावर सायकलवाले त्याच्या पुढे जाऊन बिडी ओढत थांबत. तुम्हाला ही थाप वाटेल, पण मग तुम्ही तो ट्रक पाहिलेला नाही. कापसाच्या दिवसांत मात्र तोच घराएवढा फुगून जिनिंगच्या फाटकात शिरे. त्या ओझ्यासाठी मामांनी मागे दोन जास्तीचे पाटे घालून घेतले होते. पाटे म्हणजे चाकावरचा भार तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्या. त्यांच्यामुळे रिकामा ट्रक असा आपटे, की बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हावीत.

मुलीचं लग्न ठरलं ते तलमडुगूला, नवरदेवाच्या दारी. आदल्या दिवशी मामा जास्तीचे पाटे खोलत बसलेले.

"काऊन खोलून राह्यले, मामा?"

"पोरगी बसन न गाडीत. तिले दणके नोको बसाले."

आणि बसलं कोण? सारं गाव! कपाट, पलंग, भांडी, त्यावर वऱ्हाड. लेकीच्या लग्नाला निघालेल्या माणसाला 'उतर' कोण म्हणणार? आदिलाबाद मागे पडलं आणि एका अरुंद पुलावर खाडकन आवाज झाला. मुख्य पाटाच तुटला. ट्रक एका कुशीवर कलला, रस्ता अडला.

मुहूर्त जवळ आलेला. नवरीला चुलतभावाच्या मोटरसायकलवर बसवलं. ती बापाचा हात सोडेना.

"बाबा, तुमी बी चाला न."

"जाय माय. पाटा बसला का आलोच मी."

बाकीचे मिळेल त्या टेम्पोत चढले. "चुलीत गेला तुमचा ट्रक!" मामी ओरडल्या. पण चाक काढलेला, जॅकवर आणि दगडांवर तोललेला ट्रक पुलावर टाकून जायचं कसं? दुसरा ड्रायव्हरही नव्हता.

मी मामांजवळ थांबलो आणि अडकलेल्या एकाची मोटरसायकल मागून आदिलाबादहून पाटा आणला. त्याचं भोक जुळेना.

"नव्या गाडीचा हाय जी हा," मामा हळूच म्हणाले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुन्हा गेलो. "इतनी पुरानी गाड़ी का अब कौन रखता है?" दुकानदार म्हणाला. मी हात हलवत परतलो.

मामा कठड्याला टेकून उभे होते. नवा सदरा ग्रीसनं माखलेला, फोन कानाला, मुठीत कुंकवाचे तांदूळ. फोनवर मंगलाष्टकं चालली होती. 'सावधान' ऐकू आलं, की ते चार दाणे तलमडुगूच्या दिशेनं टाकत. अडकलेला एक बैलगाडीवाला मघापासून शिव्या देत होता. तो खाली उतरला, त्यानंही हात पुढे करून दाणे मागून घेतले.

मधेच आवाज तुटला. मामांनी फोन हलवला, फुंकला, पुन्हा कानाला दाबला. रेंज गेली होती.

"झालं का जी लगन?" त्यांनी मला विचारलं.

मला काय ठाऊक! "झालं, मामा," मी म्हणालो. "टाका अक्षता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली.

"थांबा जी. बाकी असन अजून," म्हणाले, आणि मूठ मिटून उभे राहिले.