भावाच्या गालाचं माप

मला कुणी काही करून दे म्हटलं की मी आधी चिडतो आणि मग करून देतो. एस.टी.च्या वर्कशॉपात नोकरी झाली, त्यामुळे निवृत्त होऊन कोरीटला आलो तरी कुणाच्या कुकरचा दांडा, कुणाच्या सायकलचं पायडल, सगळं माझ्याच ओट्यावर येऊन पडतं. माझ्या थोरल्या भावाने पिस्तुलाला दस्ता मागितला तेव्हाही मी चिडलोच होतो.

पिस्तूल खेळण्यातलं. त्याच्या मुलाने मोबाइलवरून मागवलं होतं. आठ दिवस हौस टिकली, मग पोरगा नोकरीला पुण्याला गेला आणि पिस्तूल बापाकडे राहिलं. बॅटरीवर चालायचं, वाटाण्याएवढ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या गोळ्या उडवायचं. कावळ्याला गोळी लागली तर कावळा नुसता अपमान झाल्यासारखा बघायचा. भावाने मागच्या अंगणातल्या निंबाला स्टीलच्या डब्याचं जुनं झाकण टांगलं. संध्याकाळी शेतातून आला की एक हात खिशात, दुसरा सरळ पुढे, असा थाटात उभा राहायचा. टण्ण वाजलं की आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून मला हाक, "ऐकं का रे?" ऐकलं बाबा, ऐकलं. न ऐकून सांगतो कुणाला?

मग त्याच्या तोंडात फोड आली. तंबाखू-चुन्याची चिमूट उजव्या गालात धरायची सवय, ती फोडही तिथेच. दोन महिने त्याने ती कुणाला दाखवली नाही. दाखवली तेव्हा डॉक्टरने सरळ सुरतेला जायला सांगितलं. जायच्या आधी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"हात थरथरी ऱ्हायना मन्हा," म्हणाला. "बंदूकले ऱ्हास तसा लाकडी दस्ता करी दे. खांदाले लाईसन मारसू."

"ऑपरेशनला निघालास का शिकारीला?" मी खेकसलो.

"मी परत येस तवलग करी ठेव."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याला परत येण्यासाठी काहीतरी घरी शिल्लक ठेवायचं होतं. मी मुकाट्याने टेप आणला. आमच्या वडिलांनी तिफणीचं रुमणं, म्हणजे मागे धरायचा दांडा, कधी दुसऱ्याच्या मापाने केला नाही. जो माणूस तिफण धरणार त्याला उभं करायचे, कमरेला खूण करायचे आणि मग कापायचे. मीही तसंच केलं. कोपरापासून बोटापर्यंत, खांद्यापासून डोळ्यापर्यंत. पुठ्ठा त्याच्या उजव्या गालाला लावून पेन्सिलने गालाचा आकार उतरवून घेतला. तो गप्प बसेल तर शपथ. म्हणाला, "तिरडीनं माप लेई ऱ्हायना का काय रे?"

त्याला मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मात्र खदाखदा हसत होता. तो पूर्ण तोंडाने हसला ते तेव्हाच शेवटचं.

तो सुरतेला असताना मी दस्ता केला. ट्रॅक्टर आल्यापासून वडिलांची तिफण गोठ्यात पडून होती, तिचंच रुमणं घेतलं. बाभळीचं लाकूड, करवत टेकवली की किंचाळायचं. पिस्तुलाला भोक पाडायचं नव्हतं, म्हणून मुठीच्या दोन बाजूंना बसतील अशा लाकडाच्या दोन फाका केल्या, आतून सायकलची ट्यूब लावली आणि बोल्टने आवळल्या. तिथून मागे अॅल्युमिनियमची जाड पट्टी, पट्टीवर दस्ता, आणि वरच्या काठाला पुठ्ठ्यावरून उतरवलेला गालाचा बाक. पॉलिशपेपर मारून मारून हाताची सालं निघाली. तेल पाजलं. माझं मलाच कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू!

भाऊ परत आला तेव्हा मी दस्ता हातात घेऊनच दारात उभा होतो. गाडीतून वहिनी आधी उतरली. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि मान हलवली. मग तो उतरला. उजवा खालचा जबडा काढला होता, जिभेचाही मोठा भाग गेला होता. नाकात नळी. गळ्याच्या गाठी काढताना खांद्याची नस गेली, त्यामुळे उजवा खांदा खाली लोंबलेला आणि हात कमरेच्या वर उचलत नव्हता. मान अशी ताठ, की मागे बघायचं तर अख्खा माणूस वळायचा. मी सगळी मापं घेतली होती ती एका वेगळ्याच माणसाची होती.

तरी त्याने दस्ता मागून घेतला. डाव्या हाताने उचलून उजव्या खांद्याला लावला. तो घसरला. पुन्हा लावला. गाल टेकवायला गेला, तर टेकवायला गालच नव्हता. त्याने दस्ता मला परत दिला आणि बोटांनी छान छान अशी खूण केली. मी गोठ्यात गेलो आणि त्या बाभळीला आईवरून शिव्या घातल्या. रडलोही. म्हैस बघत होती, बघू दे.

आता त्याला बोलता येत नव्हतं. हाक मारता येत नव्हती. मुलाने पुण्याहून घंटी पाठवली, उशाला ठेवायला. भावाने ती डाव्या हाताने उचलली, गळ्याशी धरली, मग मांडीवर ठेवून त्याच हाताची दोन बोटं डोक्याला शिंगांसारखी लावली आणि घंटी खिडकीतून फेकून दिली. मी काय बैल आहे का, असं. आम्हाला हसूही आलं आणि मग कुणी त्याच्यापुढे घंटीचं नाव काढलं नाही. पण एका दुपारी वहिनी गच्चीवर मिरच्या पसरत होती, आणि खाली याच्या घशात कफाचा चिकटा अडकला. ती सहज पाणी प्यायला उतरली म्हणून निभावलं. ओठ काळेनिळे पडले होते. त्या दिवसापासून वहिनी त्याच्या खोलीच्या बाहेर पडेना. बाई अंघोळीला जाताना दार उघडं ठेवायची. तिची झोप गेली, जेवण गेलं.

भावाला ते दिसत होतं. त्याने मला खुणेने बोलावलं, खिडकीतून निंबावरचं झाकण दाखवलं आणि आपला डावा खांदा थोपटला.

मग दुसरा दस्ता. डाव्या खांद्याचा. बाभूळ त्याला पेलली नसती, म्हणून पाण्याच्या मोटारीच्या खोक्याची हलकी फळी घेतली. या वेळी एकही माप आधी घेऊन ठेवलं नाही. खाटेवर त्याच्या शेजारी बसून, कापायचं, लावून बघायचं, पुन्हा कापायचं. त्याची मान वाकत नव्हती, म्हणजे दस्त्यालाच गालापर्यंत वर यायला हवं होतं. वरचा काठ इतका उंच झाला की वस्तू उंटासारखी दिसायला लागली. गालाच्या जागी जुन्या गोधडीची घडी चिकटवली. पुढची नळी खिडकीच्या गजावर टेकवायची. वहिनी दारातून बघत होती. म्हणाली, "हाऊ काय पोरखेळ मांडा शे तुम्ही?"

पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी माझ्या घरात चहा ओतत होतो आणि टण्ण! कपबशी तशीच टाकून धावलो. वहिनी लाटणं घेऊनच आली होती, "काय झायं? काय झायं?" भाऊ अर्ध्या तोंडाने हसत होता. त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. पाणी हवं होतं म्हणे राजेसाहेबांना!

तीच त्याची हाक झाली. एकदा वाजलं की वहिनी, लागोपाठ दोनदा वाजलं की मी. वहिनी पुन्हा गच्चीवर जायला लागली, गल्लीत बसायला लागली. एकदा तर मला दोनदा वाजवून नुसतंच बोलावलं आणि माझ्या शर्टाचं बटण चुकीच्या काज्यात होतं ते दाखवलं. मी चिडलो. मनातून इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही.

थंडी सरता सरता दुखणं गळ्याच्या दुसऱ्या बाजूने उलटलं. डावा गाल आत जायला लागला. गाल सुटला की नेम चुकायचा, म्हणून मी गोधडीची आणखी एक घडी लावायचो. काही दिवसांनी आणखी एक. तेवढ्यासाठी घडी केलेला तुकडा माझ्या बंडीच्या खिशातच असायचा. झाकणही जवळ आलं. निंबावरून पडवीच्या खांबावर, आणि शेवटी त्याच्याच खोलीत, समोरच्या भिंतीवर, धान्याच्या पत्र्याच्या कोठीच्या वर. गोळी झाकणाला लागली की उसळून खोलीत यायची, वहिनी झाडून घ्यायची. कितीदा तरी ती माझ्या चपलेखाली यायची.

एका सकाळी आमची बहीण म्हसावदहून त्याला भेटायला येणार होती, म्हणून वहिनीने कोठी सरकवून मागचं सगळं झाडून काढलं. मी तिथेच होतो. भावाचा गाल पाहिला आणि खिशातून घडी काढली. त्याने माझा हात धरला आणि बाजूला केला. मी पुन्हा पुढे केला. त्याने डोळे वटारले, अगदी लहानपणी वटारायचा तसे. नको म्हणजे नको. मला वाटलं, चला, गाल थांबला असेल. जीव थोडा भांड्यात पडला.

त्यानंतर झाकण वाजलं नाही. आम्ही दोघं आपापल्या परीने जाऊन बघायचो, औषध, नळीतून दूध. तो खिडकीबाहेर बघत पडलेला असायचा. वहिनी म्हणाली, "आते तरास कमी शे वाटस. काही मांगतच नहीत." मलाही तसंच वाटलं. त्या दिवसांत आम्ही दोघांनी कितीतरी दिवसांनी पोटभर झोप काढली. आणि एका पहाटे वहिनीने माझं दार वाजवलं. भाऊ गेला होता.

दहाव्यानंतर खोली धुवायला काढली. मी आणि वहिनीने मिळून कोठी पुढे ओढली. मागे भिंतीच्या कडेला पांढऱ्या गोळ्यांची रांग पडली होती. मूठभर नाही, चांगली पसाभर. भिंतीच्या चुन्यावर, झाकणाच्या आजूबाजूला, बारीक बारीक खड्डे. त्या खेळण्याचा आवाज केवढा, खर्र! दाराबाहेर जायचा नाही.

वहिनी झाडू धरून उभी राहिली. मी म्हटलं, "पहिल्या असतील. शिकत होता तेव्हाच्या."

"पहिल्या कश्या? त्या सकायले मी सोता झाडं आठे." ती खाली बसली. एक एक गोळी उचलून पदरात टाकायला लागली. "ते माले बलाई ऱ्हायंतात."

मी खाटेखालून दस्ता काढला, मांडीवर घेतला. गालाच्या जागेवर बोट फिरवलं. मधोमध वापरून चपटी झालेली गोधडी, आणि तिच्यावर एका घडीएवढी उंची कमी. बंडीच्या खिशात तो तुकडा होताच. मी गोंद आणला आणि ती घडी लावली. सुकेपर्यंत दाबून धरली. वहिनी गोळ्या वेचत होती.