मागच्या भिंतीतला खिळा

फहमिदाचं घर लाहोरात, वझीरखान मशिदीच्या मागच्या गल्लीत. गल्ली इतकी अरुंद, की समोरून हमाल आला तर माणसाने कुणाच्या तरी दारात शिरावं. नवरा इश्तियाक नमाजाला मशिदीत जाई, ती घरीच मुसल्याची चटई अंथरून नमाज पढे. लग्न होऊन आल्यापासून मशीद म्हणजे तिच्या लेखी पाच वेळची अजान आणि खिडकीसमोरची मागची भिंत. त्या भिंतीवर ऊन छान पडायचं, म्हणून एका हिवाळ्यात तिने शिडी लावून खिळा ठोकला आणि खिडकीपासून दोरी बांधली.

"अगं, अल्लाचं घर आहे ते," इश्तियाक म्हणाला होता.

"मग अल्लाला काय ओले कपडे आवडतात?"

आज शेखूपुऱ्याहून रिफतबाजी आल्या होत्या. मुलासाठी त्यांना फहमिदाची लेक सुंबुल पसंत होती. फक्त होकार द्यायचा राहिला होता, आणि मिठाईचा डबा अजून पिशवीतच होता. सुंबुल स्वयंपाकघरात शिरली तशा बाजी म्हणाल्या, "चहा होईतो मशीद दाखवा की. तुम्ही काय, रोजच्याच."

आपण धड आत गेलोच नाही, हे फहमिदाला सांगवेना.

आत चौकात कबुतरं होती, हौद होता. बाजींनी दोन रकात नमाज पढली. फहमिदाने मान वर केली आणि कमानीवरची फुलं बघतच राहिली. एवढं देणं दाराशी होतं, आणि आपण उंबरा ओलांडला नाही!

परतताना त्या मागच्या गल्लीने आल्या. बाजी थबकल्या. भिंतीवर चिनी मातीच्या टाइल्सची निळी-पिवळी वेल होती. ऐन फुलाच्या मधोमध गंजका खिळा, भोवतीचा रंग उडालेला, आणि दोरीवर एक सलवार ठिबकत होती.

"हाय अल्ला! कुणाचे हात म्हणायचे हे?"

"असतात एकेक," फहमिदाच्या तोंडून निघून गेलं. "कितीदा सांगितलं, ऐकतील तर शपथ."

"घर कुणाचं?"

"भाडेकरू आहेत. बाहेरचे."

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. "अम्मी, चहा झाला! आणि अब्बूंची सलवार ओलीच आहे, राहू देऊ ना?"

बाजींनी सलवारीकडे पाहिलं, मग फहमिदाकडे. दोघी जिना चढल्या.

चहाचा कप हातात घेतल्यावर फहमिदा कशीबशी म्हणाली, "बाजी, खिळा माझाच."

"सलवारीने सांगितलं ते." बाजींनी कप खाली ठेवला. "खिळ्याचं सोडा. माझ्या सासरी पिराच्या दर्ग्याच्या भिंतीवर गोवऱ्या थापायचे. पण स्वतःचं दार परकं म्हणालात हो! लेकीला हेच शिकवलंत का?"

फहमिदाची मान वर होईना. "नाही, बाजी. लेक तर खिडकीतून ओरडली."

बाजी फस्सकन हसल्या. "तेही खरंच." त्यांनी डबा उघडला, सुंबुलला हाक मारून तिच्या तोंडात बर्फी घातली. दुसरी फहमिदाला दिली. तिने ती बशीत ठेवली.

बाजी गेल्यावर तिने दोरी सोडली. शिडी लावून खिळा हलवून पाहिला, तर निळी कपची हातात आली. खिळा तसाच ठेवून ती खाली उतरली.

संध्याकाळी इश्तियाक आला. "माझी सलवार कुठेय?"

"आत वाळत घातलीये."

"आत? समोर दिवसभर एवढं ऊन पडत असताना?"

फहमिदा ओढणीच्या टोकात बांधलेली कपची चाचपत राहिली.